गॅसवरची वीज : युनिट किती, धूर किती, भाव किती?

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील जे कारखानदार निर्यातीचा माल विणतात किंवा निर्यातदाराला ग्रे कापड पुरवतात, त्यांच्यापैकी काहींच्या हाती अलीकडे एक नवा फॉर्म येऊ लागला आहे. त्यात सुताचा काउंट, रुंदी, वजन हे नेहमीचे रकाने असतातच. त्याखाली आणखी एक रकाना असतो : हा माल तयार करताना किती वीज लागली आणि त्या विजेपायी किती कार्बन हवेत गेला? मुनीम गोंधळतो, मालक निर्यातदाराला फोन करतो, आणि निर्यातदार सांगतो की काहीतरी आकडा भरून पाठवा. काहीजण तर 'आमच्याकडे गॅसची स्वच्छ वीज येते' असे लिहून मोकळे होतात, कारण उरणचा प्रकल्प जवळ आहे आणि तो गॅसवर चालतो हे त्यांनी ऐकलेले असते.

असा अंदाजपंचे कारभार पुढे महागात पडू शकतो. म्हणून गॅसवर वीज कशी तयार होते, एका युनिटमागे धुराड्यातून काय काय बाहेर पडते, ही वीज एवढी स्वच्छ म्हणवते तर मग ही केंद्रे अर्धा वेळ बंद का असतात, आणि आपल्या मागाच्या हिशेबात कोणता आकडा धरायचा, हे सर्व नीट समजून घेतलेले बरे. हिशेब व्यापाऱ्याला जमणार नाही असा नाही. त्रैराशिक येत असले की पुरे.

उदाहरण उरणचेच घेऊ. रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात बोकडवीरा येथे महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने १९८२ पासून गॅसवर चालणारी यंत्रे बसवायला सुरुवात केली. मुंबई हायच्या समुद्रातून तेलाबरोबर निघणारा वायू नळाने उरणला येतो, म्हणून जागा तीच निवडली गेली. प्रथम ६० मेगावॅटची चार यंत्रे आली. ती आता निवृत्त झाली आहेत. १९८५ च्या सुमारास १०८ मेगावॅटची चार यंत्रे बसली आणि १९९४ साली १२० मेगावॅटची दोन वाफेची यंत्रे. मंडळाचे २००५ साली विभाजन झाले आणि केंद्र महानिर्मिती कंपनीकडे आले. चार गुणिले १०८ म्हणजे ४३२, दोन गुणिले १२० म्हणजे २४०. एकूण ६७२ मेगावॅट.

या बेरजेतच गॅसच्या विजेची खरी खुबी आहे. गॅसचे टर्बाइन म्हणजे विमानाच्या इंजिनाचा थोरला भाऊ. ते बाहेरची हवा ओढते, दाबते, त्या दाबलेल्या हवेत गॅस जाळते आणि त्या भडक्याच्या जोराने पाती फिरतात. पात्यांच्या कण्याला जनित्र जोडलेले असते. मात्र पात्यांनी कमावलेल्या जोरापैकी निम्म्याहून अधिक जोर पुढची हवा दाबण्यातच खर्च होतो. आणि काम करून जो वायू बाहेर पडतो तो तसाच पाचशे-साडेपाचशे अंश सेल्सिअस इतका तापलेला असतो. तो आकाशात सोडून दिला तर जाळलेल्या गॅसच्या उष्णतेपैकी जेमतेम तीस टक्क्यांची वीज झाली, बाकी सर्व धुराड्यातून गेली असा हिशेब होतो. लोहाराने भाता मारून भट्टी पेटवावी, एक सळई तापवावी आणि बाकीची धग वाया घालवावी, तसाच हा प्रकार.

उरणला १९९४ साली बसलेली दोन वाफेची यंत्रे ही वाया जाणारी धग पकडतात. तापलेला वायू नळ्यांच्या जाळ्यातून नेला जातो, नळ्यांतील पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेवर दुसरे टर्बाइन फिरते. दोन गॅसची यंत्रे, त्यांच्या धगीवर एक वाफेचे यंत्र, अशी जोडणी आहे. ४३२ मेगावॅटच्या यंत्रांच्या उष्णतेवर आणखी २४० मेगावॅट मिळतात, म्हणजे पंचावन्न टक्के जास्त, आणि त्यासाठी एक घनमीटरसुद्धा जादा गॅस जाळावा लागत नाही. याला संयुक्त चक्र म्हणतात. वीज मंडळाने साठ मेगावॅटची यंत्रे घेतली तेव्हा घाई विजेच्या टंचाईची होती, काटकसर मागाहून आली. असे सरकारी कारभारात अनेकदा होते, पण इथे ती आली हे विशेष.

मेगावॅट आणि युनिट

आता मेगावॅट आणि युनिट यांतील फरक. मेगावॅट ही यंत्राची ताकद, युनिट हा त्याने केलेल्या कामाचा माल. एक मेगावॅटचे यंत्र एक तास पूर्ण ताकदीने चालले की एक हजार युनिट तयार होतात. उरणची ६७२ मेगावॅट चोवीस तास पूर्ण चालली तर एका दिवसात १ कोटी ६१ लाख २८ हजार युनिट होतील. त्यासाठी रोज साधारण ३५ लाख घनमीटर गॅस लागेल. उन्हाळ्यात मात्र पूर्ण चालूनही एवढे युनिट निघत नाहीत. यंत्राची ताकद १५ अंश तापमानाच्या हवेवर मोजलेली असते. हवा तापली की विरळ होते, यंत्राच्या पोटात वजनाने कमी हवा जाते आणि दर अंशामागे ताकद अर्धा-पाऊण टक्का घटते. कोकणच्या एप्रिलमध्ये पारा तेहेतीस-चौतीसवर गेला की दहा टक्के माल असाच कमी होतो. नेमका त्याच वेळी सर्वांचे पंखे आणि एसी चालू असतात.

आता धुराचा हिशेब. गॅसमध्ये मुख्यतः मिथेन असतो. मिथेनच्या १६ किलो वजनात १२ किलो कार्बन आणि ४ किलो हायड्रोजन असतो. जळताना हवेतला ६४ किलो प्राणवायू त्याला मिळतो. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो ४४ किलो, हायड्रोजनचे पाणी होते ३६ किलो. म्हणजे एक किलो गॅस जाळला की पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड आणि सव्वादोन किलो पाण्याची वाफ तयार होते. एक किलो जाळून पावणेतीन किलो धूर कसा, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. जादा वजन हवेतल्या प्राणवायूचे. गॅस केंद्राच्या धुराड्यावर थंडीच्या सकाळी जो पांढरा ढग दिसतो तो या पाण्याचा. खरा कार्बन डायऑक्साइड डोळ्यांना दिसत नाही, नाकालाही कळत नाही. त्यामुळे धुराडे स्वच्छ दिसते म्हणून धूर नाही असे समजणे चूक.

३५ लाख घनमीटर गॅसचे वजन सुमारे अडीच हजार टन भरते. म्हणजे उरण पूर्ण चालले तर रोज जवळपास सात हजार टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल. या सात हजार टनांना १ कोटी ६१ लाख युनिटांनी भागले की एका युनिटमागे सुमारे ४३० ग्रॅम येतात. नव्या धर्तीच्या, जास्त कार्यक्षम केंद्रांत हा आकडा चारशेच्याही खाली जातो. कोळशावरच्या विजेला आपल्या देशात एका युनिटमागे साधारण ९८० ग्रॅम पडतात. तेव्हा गॅसची वीज कोळशाच्या निम्म्याहूनही कमी कार्बन सोडते हे म्हणणे खरे आहे.

पण इथे एक पोटकलम आहे आणि ते सहसा कोणी सांगत नाही. उरणची वाफेची यंत्रे दुरुस्तीला गेली आणि नुसती गॅसची यंत्रे चालली, तर जाळलेला गॅस तोच, कार्बन तोच, पण युनिट मात्र पंचावन्न टक्क्यांची वरकमाई सोडून. त्या दिवशी एका युनिटमागे ४३० ऐवजी ६७० ग्रॅमच्या आसपास आकडा जातो. एकच केंद्र, एकच गॅस, आणि हिशेबात दीडपट फरक. गॅस कमी आला म्हणून यंत्र अर्ध्या ताकदीवर चालवले तरी हाच परिणाम थोड्या प्रमाणात होतो. अर्धवट भारावर ज्योत नीट जळत नाही, कार्बन मोनॉक्साइड वाढतो. म्हणून गॅस तोकडा पडला की सर्व यंत्रे अर्धी चालवण्यापेक्षा काही बंद ठेवून बाकीची पूर्ण चालवणे फायद्याचे असते. मागाच्या कारखान्यात सूत कमी पडले की शहाणा मालकही हेच करतो.

कार्बनशिवाय इतर घाण किती? याबाबतीत गॅस कोळशापेक्षा फारच सरस आहे. आपल्या देशी कोळशात तीस ते पंचेचाळीस टक्के राखच असते. ५०० मेगावॅटचा कोळशाचा एक संच दिवसाला सात-आठ हजार टन कोळसा खातो आणि अडीच ते तीन हजार टन राख टाकतो. चंद्रपूर-कोराडीच्या आसपास राहणाऱ्यांना ही राख कशी असते ते वेगळे सांगायला नको. गॅसला राख नाही. गंधक आधीच काढून टाकलेले असते, त्यामुळे गंधकाचा धूर नगण्य. उरतात ते नायट्रोजनचे ऑक्साइड. हे गॅसमधून येत नाहीत. ज्योतीची धग दीड हजार अंशांच्या वर गेली की हवेतलाच नायट्रोजन आणि प्राणवायू एकमेकांना चिकटतात. यातून पुढे उन्हात ओझोन आणि बारीक कण तयार होतात, छातीच्या विकाराच्या माणसाला त्याचा त्रास होतो. उपाय दोन : ज्योतीत पाणी किंवा वाफ फवारणे, किंवा गॅस आणि हवा आधीच नीट मिसळून धग आटोक्यात ठेवणारे बर्नर बसवणे. जून १९९९ नंतर उभारलेल्या ४०० मेगावॅट व त्यावरील गॅस केंद्रांना आपल्याकडे दशलक्ष भागांत ५० भाग अशी मर्यादा घालण्यात आली. जुन्या यंत्रांना त्याहून सैल मर्यादा आहे, आणि उरणची यंत्रे जुनी आहेत.

गळतीचा खड्डा

गॅसच्या बाजूने बोलणारे लोक धुराड्यावरच थांबतात. धुराड्याच्या मागे जी नळांची लांबलचक वाट आहे तिचा हिशेब त्यांना अडचणीचा वाटतो. न जळता सुटलेला मिथेन हा हवा तापवण्याच्या कामात कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जबर आहे. शंभर वर्षांचा काळ धरला तर वजनाला वजन सुमारे ३० पट, आणि वीस वर्षांचा धरला तर ८० पटींहून अधिक. विहिरीपासून केंद्रापर्यंत कुठे झडप गळते, कुठे दुरुस्तीसाठी नळ रिकामा करताना वायू हवेत सोडला जातो.

चांगल्या संयुक्त चक्राच्या केंद्रात एका युनिटला सुमारे १४४ ग्रॅम गॅस लागतो आणि ४०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो असे धरा. वाटेत शेकडा एक टक्का गॅस गळाला तर वीस वर्षांच्या हिशेबाने त्यात सुमारे १२० ग्रॅमची भर पडते. तीन टक्के गळला तर साडेतीनशे ग्रॅमची. पाच टक्के गळला तर जवळपास सहाशे ग्रॅमची, आणि मग गॅसची वीज व कोळशाची वीज एका पारड्यात येतात. कोळशाच्या खाणीतूनही मिथेन सुटतो हे खरे, पण मुद्दा समजावा एवढ्यासाठी हे गणित पुरेसे आहे. शंभर वर्षांचा काळ धरला तर गॅसचे पारडे पुष्कळ हलके राहते. तेव्हा कोणी आकडा सांगितला की काळ किती धरला आणि गळती किती धरली हे दोन प्रश्न विचारावेत. मालाचा भाव ऐकताना आपण रोख की उधार, जागेवर की पोच, हे विचारतोच.

एवढी सोय असूनही ही केंद्रे रिकामी का बसतात? मार्च २०२३ च्या सुमारास देशात गॅसवर चालणारी केंद्रे सुमारे २५ हजार मेगावॅटची होती. २०२२-२३ या वर्षी त्यांनी आपल्या ताकदीच्या पंधरा टक्केही काम केले नाही, आणि देशाच्या एकूण विजेत त्यांचा वाटा दोन टक्क्यांच्याही खाली राहिला. कारण एकच : इंधन, आणि इंधनाचा भाव.

गॅसचा भाव डॉलरमध्ये, एका ठरावीक उष्णतेच्या मापावर ठरतो. त्या एका मापात संयुक्त चक्राच्या केंद्रात साधारण १३० युनिट निघतात. देशी जुन्या क्षेत्रांतील गॅसला सरकारने एप्रिल २०२३ मध्ये साडेसहा डॉलरची कमाल मर्यादा घातली. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर एका युनिटमागे नुसत्या गॅसचा खर्च सव्वाचार रुपये. जहाजाने येणारा द्रवरूप गॅस बारा डॉलरला पडला तर तोच खर्च पावणेआठ रुपयांवर जातो. यात यंत्राचे व्याज, पगार, देखभाल काहीच धरलेले नाही. २०२२ साली युक्रेनच्या युद्धानंतर युरोपने मिळेल तो गॅस मिळेल त्या भावाने उचलला, तेव्हा बारा डॉलर म्हणजे स्वस्ताई वाटावी अशी पाळी आली होती. स्वस्त देशी गॅस थोडा, आणि त्यात पहिला हक्क घरगुती नळाच्या गॅसचा आणि गाड्यांच्या सीएनजीचा. वीज केंद्रांचा नंबर मागे.

राज्यात रोज कोणते केंद्र किती चालवायचे हे राज्य भार प्रेषण केंद्र ठरवते. जे स्वस्त ते आधी, जे महाग ते शेवटी, असा क्रम लावलेला असतो. त्यात कोळसा पुढे येतो आणि महाग गॅस शेपटाला जातो. कार्बन किती सोडतो हे या क्रमात पाहिले जात नाही. पटले नाही तरी वस्तुस्थिती ही आहे.

भाव आणि रिकामे बसणे यांचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच कोकणात आहे. वाशिष्ठी नदीच्या मुखावर एका काठाला दाभोळ, बहमनी आणि आदिलशाही काळातले गजबजलेले बंदर. दुसऱ्या काठाला गुहागर तालुक्यातील अंजनवेल. तिथे एन्रॉन कंपनीच्या पुढाकाराने दाभोळ वीज प्रकल्प उभा राहिला. १९९३ च्या डिसेंबरात वीज खरेदीचा करार झाला, १९९५ साली नव्या सरकारने तो रद्द केला, १९९६ साली फेरवाटाघाटींनंतर पुन्हा मान्य केला. मे १९९९ मध्ये पहिला ७४० मेगावॅटचा टप्पा सुरू झाला, तोही गॅसवर नव्हे तर नाफ्त्यावर, कारण गॅस उतरवण्याची सोय तयार नव्हती. करारात अट अशी की मंडळाने वीज घेवो न घेवो, यंत्राचे ठरलेले भाडे द्यावेच लागेल. नाफ्ता महाग, डॉलर महाग, आणि वीज महाग म्हणून मंडळ कमी उचलणार. भाडे मात्र तेवढेच. कारखान्याचे महिन्याचे भाडे चोवीस मागांवर वाटले तर एक भाव पडतो, सहा मागांवर वाटले तर चौपट. दाभोळच्या युनिटचा भाव २००० साली काही महिन्यांत सात रुपयांच्या वर गेला तो याच वाटणीमुळे. २००१ साली केंद्र बंद पडले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात एन्रॉनने दिवाळे काढले.

२००५ साली एनटीपीसी आणि गेल यांनी मिळून रत्नागिरी गॅस आणि वीज कंपनी स्थापन केली आणि १९६७ मेगावॅटचे हे केंद्र हाती घेतले. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील समुद्री गॅस २००९ मध्ये येऊ लागला तेव्हा बरे दिवस आले असे वाटले. पण त्या क्षेत्राचे उत्पादन २०१० नंतर झपाट्याने घसरले आणि २०१३ पर्यंत केंद्राचा गॅस तुटला. पुढे काही वर्षे रेल्वेला सुमारे ५०० मेगावॅट वीज देऊन ते कसेबसे चालले. देशातील मोठ्या गॅस केंद्रांपैकी एक, आणि त्याच्या आयुष्यातील कितीतरी वर्षे धुराडे थंड. गुहागर-चिपळूणच्या कित्येक घरांतील माणसे आखातात नोकरीला आहेत; कतारहून भरलेली गॅसची जहाजे २००४ पासून गुजरातेत दहेजला उतरत आली. गावचा मुलगा तिकडे गॅस भरणार आणि गावाजवळचे केंद्र गॅसविना बसणार, हा नशिबाचा खेळ नव्हे, भावाचा आहे.

तरीही ही केंद्रे मोडीत काढावी असे म्हणता येणार नाही. कोळशाचा थंड संच पेटवायला दहा-बारा तास लागतात. गॅसचे टर्बाइन अर्ध्या तासात जोर धरते. आता दुपारी सौर वीज भरपूर असते, आणि सूर्य मावळला की दिवे, पंखे आणि माग एकाच वेळी वीज मागतात. ही संध्याकाळची खिंड लढवायला गॅस कामी येतो. २०२४ च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारने वीज कायद्याच्या ११ व्या कलमाचा आधार घेऊन १ मे ते ३० जून सर्व गॅस केंद्रांना तयार राहण्याचा आदेश दिला होता. त्याच मे महिन्याच्या ३० तारखेला देशाची मागणी २५० गिगावॅट म्हणजे अडीच लाख मेगावॅटवर पोचली. अशा दिवशी महाग युनिटही स्वस्त वाटते. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत भिवंडी-मालेगावच्या मागांनी जे सोसले ते ज्यांनी पाहिले, त्यांना यावर अधिक सांगण्याची गरज नाही.

मागाच्या वहीतला हिशेब

आता मूळ फॉर्मकडे वळू. चोवीस मागांचा एक कारखाना घ्या. दर मागाला एक अश्वशक्तीची मोटार, म्हणजे सुमारे पाऊण किलोवॅट. बारा तासांच्या पाळीत एक माग ९ युनिट खातो, चोवीस माग २१६ युनिट. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ५६१६ युनिट. ही सर्व वीज चांगल्या गॅस केंद्राची असती तर महिन्याला सुमारे २४०० किलो कार्बन डायऑक्साइड, सर्व कोळशाची असती तर ५५०० किलो. एका मागावर पाळीला ४५ मीटर कापड निघते असे समजा. मीटरला पाचवा हिस्सा युनिट पडले. गॅसच्या हिशेबाने मीटरला ८६ ग्रॅम, कोळशाच्या हिशेबाने १९६ ग्रॅम.

फॉर्ममध्ये यांपैकी काय लिहायचे? दोन्ही नाही. तारेतून येणाऱ्या विजेवर कोणत्या केंद्राची ते शिक्का मारलेला नसतो. उरण, चंद्रपूर, कोयना, सौर, पवन, सर्वांची वीज एकाच जाळ्यात ओतली जाते. भिवंडीत २००७ पासून वितरणाचे काम खासगी कंपनी पाहते आणि त्या कंपनीची गुजरातेत गॅसची केंद्रे आहेत, म्हणून भिवंडीला गॅसची वीज मिळते असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. भिवंडीची वीज महावितरणच्या साठ्यातूनच येते. तेव्हा पूर्ण देशाच्या जाळ्याची सरासरी धरायची, जी केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी प्रसिद्ध करते. अलीकडच्या वर्षांत ती एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅमच्या आसपास राहिली आहे. त्या हिशेबाने वरील कारखान्याचा महिना ३९०० किलोंच्या घरात आणि मीटरला १४० ग्रॅम. ज्याने छपरावर सौर पत्रे बसवले आहेत त्याने तेवढे युनिट वजा करून दाखवावेत.

जनरेटर असेल तर तो वेगळा लिहावा. एक लिटर डिझेलमधून पावणेतीन किलोंच्या जरा कमी, सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो आणि लहान जनरेटरवर युनिट मिळतात साडेतीनच्या आसपास. म्हणजे युनिटला ७७० ग्रॅम, वर काजळी गल्लीत आणि कारागिराच्या छातीत. नळाचा गॅस वापरणाऱ्यांनी एका घनमीटरला सुमारे दोन किलो धरावेत, आणि १९ किलोच्या व्यापारी सिलिंडरला ५७ किलो.

नळाच्या गॅसचा प्रश्न मुंबईतील बेकरीवाल्यांपुढे तर थेट कोर्टातून आला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. पावाची भट्टी गॅसवर नेली की कार्बनपेक्षाही मोठा फरक बारीक कणांत आणि काजळीत पडतो, कारण लाकडाचा धूर शेजारच्या खिडकीत जातो, वरच्या आभाळात नाही. खर्च मात्र एकदम अंगावर येतो. भट्टी नवी, नळजोडणी नवी, आणि गॅसचे बिल दर महिन्याला. जुन्या भट्टीला बर्नर बसवायचा की विजेचा ओव्हन घ्यायचा, हे दोन्हींचे वर्षाचे बिल मांडूनच ठरवावे. विजेचा ओव्हन घेतला तर बेकरीत धूर नाही, पण वहीत युनिटला ७०० ग्रॅम लिहावे लागतील.

निर्यातीच्या बाबतीत एक खुलासा. युरोपीय संघाने सीमेवर जो कार्बनचा कर लावला आहे, त्याचा खरा टप्पा १ जानेवारी २०२६ पासून आहे. ज्या वस्तूंपासून त्याची सुरुवात झाली त्या म्हणजे लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज. कापड त्या यादीत नव्हते. कापडाच्या व्यापारात आकडे मागितले जातात ते ग्राहक कंपन्यांच्या स्वतःच्या हिशेबासाठी. तेव्हा 'हा फॉर्म भरला नाही तर कर बसेल' असे सांगून कोणी दलाल सल्ल्याचे पैसे मागत असेल तर आधी हे विचारावे की कोणत्या कायद्याखाली.

फॉर्म भरण्यासाठी लागते ते एवढेच : बारा महिन्यांची वीज बिले, डिझेलच्या पावत्या, गॅसचे बिल आणि त्याच बारा महिन्यांत विणलेले मीटर. युनिटांना त्या वर्षाच्या सरासरीने गुणावे, डिझेल आणि गॅसचा आकडा त्यात मिळवावा आणि मीटरने भागावे. सरासरी दरवर्षी थोडी बदलते, म्हणून आकड्याशेजारी कोणत्या वर्षाची सरासरी धरली ते वर्ष लिहावे आणि बिलांच्या प्रती त्याच फायलीत ठेवाव्यात, कारण ग्राहकाचा तपासनीस आला की पहिल्यांदा त्याच मागतो.